जुनी गाडी: ठेवावी की काढावी?

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ४१मध्ये ही मुदत दिली आहे, आणि ती संपल्यावर पुढच्या ५ वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण करण्याची सोयही तिथेच आहे. तरीही १५ वर्षे झाली की गाडी भंगारात घालावीच लागते, असा समज महाराष्ट्रात घट्ट बसला आहे. तो आला दिल्लीहून. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ आणि २०१५ मध्ये राजधानी परिसरातील १५ वर्षांवरच्या सर्व आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली आणि पुढे तिच्या तपशिलांवर पुन्हा पुन्हा वाद झाले. महाराष्ट्रात खासगी गाडीला अशी वयाची बंदी नाही.

ज्यांच्यासाठी तारीख ठरलेली आहे, त्यांचा प्रश्न सोपा असतो. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, म्हणून ऑक्टोबर २०२३ संपताना पद्मिनी टॅक्सीचे युग संपले. बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकर १५ वर्षांचे आयुष्य पुरे करून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये थांबल्या. सरकारी मालकीच्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांनंतर पुढे चालूच राहत नाही. घरच्या गाडीची तारीख मात्र कोणी ठरवून देत नाही. ती मालकाला ठरवावी लागते, आणि बहुतेक वेळा ती गॅरेजमध्ये, खर्चाचा अंदाज हातात पडल्यावर, घाईने ठरते.

या निर्णयाच्या दोन बाजू दोन धंद्यांत स्पष्ट दिसतात. मिस्त्री रोज गाड्या दुरुस्त करून रस्त्यावर आणतो. गाडी किती सोसते हे त्याने पाहिलेले असते. विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर रोज मोडलेल्या गाड्या पाहतो. गाडी कुठे दगा देते हे त्याला ठाऊक असते. पुढील संवादात चिपळूणचा एक वयस्कर मिस्त्री आणि एक तरुण महिला सर्व्हेअर या दोन बाजू मांडतात. दोघेही प्रातिनिधिक आहेत. समोरची गाडी उदाहरणादाखल अशी धरू: २०१२ची पेट्रोल हॅचबॅक, सर्वांत खालचे मॉडेल, १,२०,००० किलोमीटर चाललेली, वर्षाला साधारण १०,००० किलोमीटर धावणारी. क्लचप्लेट गेली आहे, पुढचे शॉकअप आणि बुश संपलेत, एसीचा गॅस गळतो आहे. कामाचा अंदाज ४५,००० रुपये.

"काका, ही गाडी बाजारात दीड लाखाला जाईल. तिच्यावर पंचेचाळीस हजार घालायचे?"

"मॅडम, दीड लाख ही विकायची किंमत झाली. मालकाला गाडी वापरायची आहे, विकायची नाही. दीड लाखात त्याला याहून बरी गाडी कोण देणार?"

मिस्त्रीने इथे नेमका मुद्दा धरला आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहण्याची सवय सर्वत्र आहे, पण त्या तुलनेतून काहीच निष्पन्न होत नाही. मालकापुढचे खरे पर्याय दोन: ही गाडी आणखी एक वर्ष वापरणे किंवा दुसरी घेऊन ती वापरणे. म्हणून तुलना या दोन पर्यायांच्या वर्षाच्या खर्चाची व्हायला हवी. त्यात घसारा, अडकलेल्या पैशावरचे व्याज, देखभाल, विमा आणि इंधन ही पाचही कलमे आली पाहिजेत. घसारा आणि व्याज खिशातून रोज जाताना दिसत नाहीत, म्हणून ती हिशेबातून गळतात आणि नवी गाडी असते त्याहून स्वस्त वाटते.

आकडे घालून पाहू. जुनी गाडी आज दीड लाखाची आहे, वर्षाने १,२०,००० ची होईल; घसारा ३०,०००. दीड लाखावर ७ टक्क्यांनी व्याज १०,५००. दुरुस्ती ४५,०००. विमा आणि किरकोळ ८,०००. इंधन सोडून एकूण ९३,५००. आता समजा नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत ९ लाखांना पडली, १० वर्षे वापरली आणि अडीच लाखांना विकली. वर्षाचा घसारा ६५,०००. सरासरी पावणेसहा लाख अडकून राहिले, त्यांचे व्याज ४०,०००. विम्याची सरासरी २५,००० आणि देखभालीची १८,०००. एकूण १,४८,०००. जुनी गाडी लिटरला १४ आणि नवी १८ किलोमीटर जाते असे मानले आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर नवीने वर्षाला साडेसोळा हजारांचे पेट्रोल वाचते. ते वजा करून नवी गाडी १,३१,५००ला पडते. ४५,००० ची दुरुस्ती धरूनही जुनी ३८,००० नी स्वस्त आहे. या उदाहरणात दुरुस्ती दरवर्षी ८३,००० च्या घरात जाऊ लागेल, तेव्हा दोन्ही पारडी सारखी होतील.

सर्व्हेअरचा आक्षेप आकड्यांवर नाही, धावण्यावर आहे.

"दहा हजार किलोमीटरवर तुमचं गणित जमतं, काका. पण रोज रत्नागिरीला जाऊन येणाऱ्याला हेच सांगाल का?"

"त्याला नाही सांगणार. वर्षाला पंचवीस हजार चालवणाऱ्याची गाडी माझ्याकडे जेवढी येते, तेवढा तो तिला शिव्या देतो."

हे खरे आहे. तीच गाडी वर्षाला २५,००० किलोमीटर चालली, तर इंधनातला फरक ४१,००० च्या पुढे जातो आणि दुरुस्तीही वाढते. ती ७५,००० धरली, तर जुन्या गाडीचा खर्च १,२३,५०० वर येतो. नव्या गाडीची देखभाल वाढेल, विक्रीची किंमत थोडी घटेल, तरीही इंधन वजा जाता ती १,२२,००० च्या आसपास राहते. अंतर मिटले. त्यापुढे दुरुस्तीचे एक मोठे काम निघाले की नवी गाडी स्वस्त. थोडे धावणाऱ्या कुटुंबाने जुनी गाडी लोक समजतात त्याहून बरीच जास्त वर्षे ठेवली, तरी पैशाच्या दृष्टीने ते शहाणपणाचे असते. खूप धावणाऱ्याला ही सवलत मिळत नाही. वाहतूक कंपन्या ट्रक वयापेक्षा किलोमीटरवर बदलतात, त्यामागे हेच कारण आहे.

दोन टोकांच्या मधला एक पर्याय आपल्याकडे कमी विचारात घेतला जातो: जुनी काढून चार-पाच वर्षांची गाडी घेणे. विम्यासाठी गाडीची जी घोषित किंमत धरतात, तिचा घसारा भारतात पहिल्या ६ महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २० आणि मग दर वर्षाला १० टक्क्यांनी वाढत पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के धरला जातो. बाजारभाव याच तंतोतंत पायऱ्यांनी उतरत नाही, पण उताराची दिशा हीच असते. पाच वर्षांची गाडी ५ लाखांना घेऊन सहा वर्षांनी २ लाखांना विकली, तर वरच्याच पद्धतीने ती इंधनाची बचत वजा जाता वर्षाला १,०८,००० ला पडते, म्हणजे जुनीपेक्षा महाग आणि नवीपेक्षा स्वस्त.

दुरुस्तीचे ४५,००० आणि पुढच्या वर्षीचे ४५,००० यांत फरक असतो, हा पुढचा मुद्दा. क्लचप्लेट, शॉकअप, बुश, ब्रेकपॅड, बॅटरी, टायर हे झिजणारे भाग आहेत. ते एकदा बदलले की काही वर्षे त्यांच्याकडे बघावे लागत नाही. या गाडीवर यंदा खर्च झाला, म्हणून पुढच्या वर्षी तो पुन्हा तेवढाच होईल असे नाही. उलट रिंगपिस्टनचे काम, हेडगॅस्केट, गिअरबॉक्स, स्टेअरिंग रॅक अशी कामे एकामागोमाग निघू लागली, तर तो गाडीच्या उताराचा काळ असतो. मिस्त्री हे ओळखण्यासाठी यंत्रे लागत नाहीत असे मानतो, आणि बऱ्याच अंशी ते बरोबर आहे. इंजिन गरम असताना एक्झॉस्टमधून निळसर धूर येत असेल, तर गाडी ऑइल खाते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल पूर्ण जळत नाही. हे काम बहुधा लहान असते. पांढरा धूर थांबतच नसेल आणि ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा फेसाळ तपकिरी थर दिसत असेल, तर कूलंटचे पाणी ऑइलमध्ये शिरले असण्याची शक्यता धरावी. थंडीत किंवा फक्त जवळजवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत असा थोडा थर वाफेनेही जमतो, म्हणून कूलंटची पातळी सतत घटते आहे का हेही पाहावे लागते. शंका असेल तर प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घेणे हा खात्रीचा मार्ग आहे. मोठ्या कामाला हात घालण्याआधी केलेला हा थोडा खर्च कधीच वाया जात नाही.

"मालक म्हणतो, मागच्या वर्षी साठ हजार घातलेत, आता काढली तर ते पाण्यात जातील," सर्व्हेअर म्हणते.

"ते गेलेच आहेत, मॅडम. गाडी ठेवली म्हणून परत येणार नाहीत आणि काढली म्हणून जास्त जाणार नाहीत. नवी क्लचप्लेट आहे म्हणून गिऱ्हाईक दहा हजार जास्त देईल, तेवढंच."

यावर दोघांचे एकमत आहे, आणि बहुतेक चुकीचे निर्णय याच जागी होतात. झालेला खर्च हिशेबात धरायचा नाही; पुढे होणारा धरायचा. हेच उलट बाजूनेही लागू पडते. दुरुस्तीला वैतागून, बिल भरल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात गाडी फुंकून टाकणारे पुष्कळ असतात. मोठे काम करायचे असेल तर ते करून दोन-तीन वर्षे वापरावी, नाहीतर काम न करता विकावी. काम करून लगेच विकणे यात तोटा जवळजवळ ठरलेला असतो.

इथपर्यंत मिस्त्रीची बाजू भारी ठरते. गाडी खड्ड्यावर घेऊन तिच्या पोटाखाली दिवा नेला की चित्र बदलते. कोकणात पाऊस चार महिने मुक्कामाला असतो आणि किनाऱ्याकडची हवा खारी असते. पत्रा आतून सडतो. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला लहान भोके असतात. त्यांत माती आणि पालापाचोळा अडकला की दारात पाणी साचते आणि खालची कड फुगते. ते बाहेरून दिसते. दाराखाली गाडीच्या लांबीने जाणारी पोकळ पेटी, मागच्या सस्पेन्शनचे बॉडीला जोडलेले टोक आणि पुढच्या शॉकअपची वरची बैठक इथला गंज दिसत नाही. अंडरकोटिंगचा काळा थर वर शाबूत असतो. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहिले तर चांगला पत्रा टणक लागतो; सडलेल्या जागी कोटिंग आत दबते, चुरा गळतो आणि कधी टोक सरळ आत जाते.

"पॅच मारून देतो की. वेल्डिंग करून वर कोटिंग केलं तर पाच वर्षं काही होत नाही."

"दाराच्या कडेला पॅच मारा, काका, मी काही बोलणार नाही. पण ही पेटी धडक सोसायला आहे. आजूबाजूचा पत्रा पातळ झालेला असतो, तुम्ही नवा जाड तुकडा त्या पातळाला जोडता. धडकेत तो जोड आधी उघडतो. मी पाहिलंय."

सर्व्हेअरचे म्हणणे समजण्यासाठी आजच्या बहुतेक मोटारींची बांधणी लक्षात घ्यावी लागते. ट्रकप्रमाणे वेगळी चासी आणि वर ठेवलेली बॉडी असा प्रकार त्यांत नसतो. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून उभा केलेला सांगाडा हीच गाडीची ताकद असते. धडकेचा जोर पुढच्या भागाने दुमडून घ्यायचा आणि माणसे बसतात तो कोठा शाबूत ठेवायचा, अशी त्याची रचना असते. इंजिन उतरवून नवे बसवता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, पण हा सांगाडा बदलण्याची सोय नाही. म्हणून दार, बोनेट, फेंडर गंजले तर तो खर्चाचा भाग आणि सांगाड्याची पेटी किंवा सस्पेन्शनची बैठक सडली तर गाडी काढण्याचा भाग, ही रेघ स्पष्ट आखली पाहिजे. वरच्या हिशेबात गाडी कितीही स्वस्त निघाली तरी ही रेघ ओलांडता कामा नये. पुरात बुडालेल्या गाड्यांनाही असाच कडक नियम लावावा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा बुडालेल्या गाड्यांच्या वायरिंगच्या जोडांत आणि गालिच्याखाली चिखल गेला. अशी गाडी धुऊन सुरू होते. पण जोडांतला गंज काही महिन्यांनी बोलू लागतो, कधी हेडलाइट, कधी पॉवर स्टेअरिंग, कधी एअरबॅगचा दिवा.

सुरक्षेचा दुसरा भाग गाडीच्या जन्मतारखेशी बांधलेला आहे, आणि तो कोणत्याही गॅरेजात बदलत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची सूचना, वेगाचा इशारा व मागचे पार्किंग सेन्सर १ जुलै २०१९ पासून सक्तीचे झाले. पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग जानेवारी २०२२ पासून आल्या. समोरून आणि बाजूने धडक देऊन करायच्या चाचणीचे निकष २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि २०१९ पासून सर्व गाड्यांना लागू झाले. उदाहरणातल्या २०१२च्या खालच्या मॉडेलमध्ये यांपैकी काहीही नाही, आणि एबीएस किंवा एअरबॅग नंतर बसवून घेणे व्यवहारात शक्य नसते.

"तेरा वर्षं याच गाडीतून फिरले ना ते? काही झालं का?"

"नाही झालं, चांगलं झालं. पण घरात आता लहान मूल आहे, आणि महामार्ग रुंद झालाय. पूर्वी पन्नासने जायचे, आता नव्वदने जातात. गाडी तीच राहिली, रस्ता बदलला."

रस्ता बदलला, हा या सबंध वादातला सर्वांत वजनदार मुद्दा आहे. सुरक्षेला रुपयांची किंमत लावून तिला दुरुस्तीच्या शेजारच्या रकान्यात बसवता येत नाही. गाडी कुठे आणि किती वेगाने चालते, तीत कोण बसते, हे आधी पाहायला हवे. बाजार, शाळा, दवाखाना एवढ्याच फेऱ्या करणारी, गावात चाळीसच्या वर न जाणारी जुनी गाडी ठेवण्यात फारसे वावगे नाही. दर शनिवारी कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला जाणारी, मूल मागच्या सीटवर बसवून रात्रीच्या पावसात महामार्गावर निघणारी गाडी मात्र, हिशेब काहीही सांगो, २०१९ नंतरची असावी. वर्षाला ३८,००० रुपये जास्त मोजावे लागले तरी ते मोजण्यासारखे आहेत. आणि एवढे परवडत नसतील तर नव्या मोठ्या गाडीचा हट्ट सोडून २०२२ नंतरची लहान, वापरलेली गाडी घ्यावी. वापरलेली घेताना मॉडेलच्या नावापेक्षा उत्पादनाचा महिना बघावा, कारण वरच्या सगळ्या सोयी त्या महिन्यावर ठरतात.

इंधन आणि धूर हा वाद मिस्त्री आणि सर्व्हेअर दोघेही अर्धवट मांडतात. जुनी गाडी प्रदूषण करते म्हणून बदलावी, हे डिझेलबाबत जितके खरे तितके लहान पेट्रोल गाडीबाबत नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांत डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ४.५ मिलिग्रॅम कण सोडण्याची मुभा आहे; आधीच्या बीएस-४मध्ये ती २५ मिलिग्रॅम होती. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा २५० वरून ८० मिलिग्रॅमवर आली. पेट्रोल मोटारींत हीच मर्यादा ८० वरून ६०वर आली, म्हणजे फरक लहान आहे. पुणे, मुंबई, सोलापूर यांसारख्या १३ शहरांत बीएस-४ निकष २०१० पासूनच होते आणि देशभर ते २०१७ मध्ये आले. तेव्हा २०१२ची गाडी कोणत्या निकषाची हे ती कुठे नोंदली गेली त्यावर अवलंबून असते. कार्बनचा हिशेब याहून वेगळा निघतो. एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. उदाहरणातल्या बदलाने वर्षाला १५९ लिटर, म्हणजे सुमारे ३६५ किलो वाचतात. नवी मोटार बनवण्यातच काही टन कार्बन खर्ची पडतो. तो ५ टन धरला तर भरून यायला तेराहून जास्त वर्षे लागतील. शहराच्या हवेसाठी जुनी, धूर मारणारी डिझेल गाडी आधी काढणे योग्य. थोडी चालणारी, नीट राखलेली पेट्रोल गाडी पर्यावरणाच्या नावाखाली काढणे ओढूनताणून आहे.

पेट्रोलच बदलले आहे, ही जुन्या गाड्यांची नवी अडचण. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. महाराष्ट्राच्या साखरपट्ट्याला त्याचा मोठा आधार आहे, पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील त्यासाठी बनलेले नाहीत. निती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात जुन्या धर्तीच्या चारचाकींचे मायलेज या मिश्रणाने ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. गाडी ठेवायचीच असेल तर इंधनाच्या नळ्या, पंपाचे सील आणि फिल्टर तपासून, लागतील तिथे बदलून घेणे हे काम ४५,००० च्या अंदाजात धरले आहे का, हे मिस्त्रीला विचारावे. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत याचा त्रास जास्त, कारण इथेनॉल पाणी ओढते. कमी चालली म्हणजे गाडी चांगली राहिली, या समजुतीला इथे तडा जातो. उभ्या गाडीचे टायर, ब्रेकऑइल, बॅटरी आणि रबर वयाने जातात, किलोमीटरने नव्हे. टायरच्या बाजूला छापलेले चार आकडे पाहिले की त्याचे वय कळते. २३१९ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला.

सुट्या भागांचा प्रश्न मॉडेलवर ठरतो. लाखांनी विकल्या गेलेल्या गाडीचे भाग कंपनीचे, दुसऱ्या बनावटीचे आणि जुन्या बाजारातले अशा तिन्ही वाटांनी मिळतात. मारुती ८००चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले तरी तिच्या भागांची ददात नाही. देशातील विक्रीच थांबवलेल्या कंपनीच्या गाडीत साधे झिजणारे भाग मिळत राहतात, पण सेन्सर, कंट्रोल युनिट, हेडलाइटची काच किंवा बंपर यांसाठी आठवडे थांबावे लागू शकते. गाडी दर वेळी किती दिवस गॅरेजमध्ये पडून राहते, हे बिलात येत नाही. खर्च म्हणून ते धरावेच.

"आणि विमा?" सर्व्हेअर विचारते. "या गाडीची घोषित किंमत समजा एक लाख वीस हजार. दुरुस्तीचा खर्च तिच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेला की आम्ही गाडी संपूर्ण नुकसानीत धरतो. नव्वद हजारांचं काम म्हणजे पुढून बसलेला एक फटका."

"म्हणजे गाडी माझ्याकडे येण्याआधीच संपली."

"संपली. आणि हातात येणाऱ्या पैशांत तशी दुसरी गाडी मिळेलच असं नाही."

जुन्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा विमा म्हणूनच दुबळा असतो. शिवाय प्लास्टिक, रबर आणि बॅटरीच्या भागांवर विमा कंपनी ५० टक्के घसारा कापते, आणि ही कपात टाळणारे जादा संरक्षण जुन्या गाड्यांना सहसा मिळत नाही. तृतीय पक्षाचा विमा सक्तीचाच आहे. बाकीचा घ्यावा की नाही हे ठरवताना, उद्या गाडी पूर्ण गेली तर घरखर्चाला धक्का न लावता दुसरी घेता येईल का, एवढे पाहावे. येणार असेल तर जुनी गाडी ठेवण्याची ऐपत आहे असे समजावे. पुढच्या गाडीसाठी दरमहा वेगळी रक्कम बाजूला टाकणाऱ्याला जुनी गाडी ठेवणे खरेच स्वस्त पडते. न टाकणाऱ्याला ती बिघडल्याच्या दिवशी महाग कर्जाकडे नेते.

काढायचे ठरले, तर वेळ साधावी. १५ वर्षे भरण्याच्या आधीचे वर्ष-दीड वर्ष हा विक्रीचा चांगला काळ असतो, कारण मुदत संपत आली की गिऱ्हाईक नूतनीकरणाचा खर्च किमतीतून कापतो. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांवरील मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० केले गेले. तपासणी आणि राज्याचा पर्यावरण कर यांचा खर्च वेगळा. नव्या गाड्यांच्या किमतीकडेही लक्ष हवे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्के आणि उपकरावरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली येतो, म्हणून अशा बदलाच्या आधी विकणे आणि नंतर घेणे हे ज्याला जमते त्याचे साधते.

ज्या गाडीचा सांगाडा सडला आहे ती दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये. तिच्यासाठी नोंदणीकृत भंगार केंद्रे आहेत. त्यांचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये आले. केंद्र गाडीची किंमत देते आणि ठेव प्रमाणपत्र देते. त्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते आणि रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना आहे. गल्लीतल्या भंगारवाल्याने हजारभर रुपये जास्त दिले तरी त्याच्याकडे गाडी टाकली तर हे प्रमाणपत्र मिळत नाही, आणि कागदोपत्री गाडी मालकाच्या नावावर जिवंत राहते.

विकतानाही हाच धोका असतो. सही केलेले २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म आणि किल्ली देऊन व्यवहार पुरा झाला असे अनेकजण मानतात. नाव बदलले नसेल तर कायद्याच्या नजरेत नोंदीत असलेलाच मालक. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी अशा नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. घेणाऱ्याच्या नावाची नवी आरसी डोळ्यांनी पाहीपर्यंत, किंवा निदान परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर नाव बदललेले दिसेपर्यंत, विकलेल्या गाडीचा विमा आणि कागदांच्या प्रती जपून ठेवाव्यात.